पडद्यावरील आलेख आणि कोरा कागद

नगर जिल्ह्याच्या पावसासंबंधीं बोलावयाचें म्हणजे एका जिल्ह्याविषयीं न बोलतां दोन निरनिराळ्या मुलुखांविषयीं बोलावें लागतें. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंचीवर उभें आहे. त्याच डोंगराळ भागांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि पावसाळ्यांत तेथें दिवसेंदिवस सूर्यदर्शन घडत नाहीं. तेथून पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड या बाजूस उतरलें, कीं तोच आषाढ कोरडा जातांना दृष्टीस पडतो. क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. चौदा तालुके आणि सुमारें १७,००० चौरस किलोमीटर भूमि. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, परंतु पावसाची वांटणी मात्र जुनीच राहिली आहे.

अशा मुलुखांत पावसाचा व विहिरींच्या पाण्याचा हिशेब ही केवळ सरकारी दप्तराची बाब राहत नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें ही गोष्ट साऱ्या देशाला दाखवून दिली. पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखालीं १९९० च्या सुमारास तेथें बांध-बंधाऱ्यांचें व वृक्षलागवडीचें काम सुरू झालें. पुढें गांवानें पाण्याचा वार्षिक ताळेबंदच मांडण्यास आरंभ केला. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती चढलें, त्यांतून माणसांना व जनावरांना प्यावयास किती लागेल, आणि उरलेल्या पाण्यावर कोणतें पीक घ्यावें व कोणतें घेऊं नये, हें ग्रामसभेंत ठरूं लागलें. वर्षाला सरासरी चारशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गांवीं हा जमाखर्च म्हणजे घरच्या रोजमेळाइतकाच जिव्हाळ्याचा विषय होय.

असा हिशेब चारचौघांपुढें मांडावयाचा तर आलेखासारखें साधन नाहीं. आंकड्यांचा तक्ता वाचण्यास संवय लागते. आलेख वाचण्यास डोळे पुरतात. ज्या शेतकऱ्यास ३८७ आणि ४१२ यांतील भेद सांगून पटणार नाहीं, त्यास एक स्तंभ आखूड व दुसरा लांब दिसला म्हणजे पुरेसें होतें. पण सभेंत आलेख दाखवावयाचा तो कागदावर. संगणकाचा पडदा कचेरींत राहतो. सभा देवळापुढें भरते. म्हणून पडद्यावरचा आलेख कागदावर जसाच्या तसा उतरणें हा वरवर क्षुल्लक भासणारा प्रश्न पुष्कळ दिवस पुष्कळ लोकांच्या डोक्याला ताप देत राहिला. संगणकाच्या इतिहासांतील हें प्रकरण फारसें कोणी सांगत नाहीं. परंतु तें मोठें बोधक आहे.

२०११ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘संग्राम’ नांवाची योजना काढून ग्रामपंचायतींतून संगणकाचा कारभार सुरू केला. अशाच कोणत्याहि एका गांवच्या कचेरीची श्रोत्यांनीं कल्पना करावी. संगणक जुना, त्यावर २००१ सालची विंडोज एक्स्पी ही प्रणाली, आणि तिच्याबरोबर आलेला इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर. पडद्यावर पावसाचा आलेख सुरेख दिसतो आहे: निळे स्तंभ, खालीं महिन्यांचीं नांवें, डावीकडे मिलिमीटरांचे आंकडे. छपाईची आज्ञा दिली. छापयंत्र कुरकुरलें, कागद बाहेर आला. कागदावर मथळा आहे, महिन्यांचीं नांवें आहेत, मिलिमीटरहि आहेत. स्तंभ मात्र एकहि नाहीं. अवघें वर्ष पाऊस पडलाच नाहीं, असें तो कागद सांगतो!

याहून वाईट प्रकार म्हणजे अर्धवट छपाई. कोरा कागद निदान आपण कोरा असल्याचें कबूल तरी करतो. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति पानापेक्षां रुंद असलेलें चित्र लहान करीत नसे; उजवीकडील भाग ती निमूटपणें कापून टाकी. चार आकारी कागद २१० मिलिमीटर रुंद. ब्राउझरच्या हिशेबानें एका इंचास ९६ बिंदु धरले तर ती रुंदी सुमारें ७९४ बिंदूंची होते. दोन्ही बाजूंस पाऊण-पाऊण इंचाचा समास सोडला कीं ६५० बिंदु उरतात. आतां पडद्याकरितां काढलेला आलेख ९०० बिंदु रुंद असून त्यांत जूनपासून मे महिन्यापर्यंतचे बारा महिने बसविले असतील, तर प्रत्येक महिन्यास ७५ बिंदु येतात. कागदावर जून ते जानेवारी हे आठ महिने पुरे उमटतात, फेब्रुवारी अर्धा-मुर्धा येतो, आणि मार्च, एप्रिल व मे हे तीन महिने नाहींसे होतात. विहिरींच्या पाण्याचा आलेख असेल तर टंचाईचे तेच तीन महिने! कागद हातीं घेणाऱ्यास कांहीं हरवलें आहे याची शंकाहि येऊं नये, अशी ही चूक होती.

हें असें कां होई, हें समजण्यास क्षणभर जुन्या छापखान्यांत डोकावणें बरें. अक्षर आणि चित्र यांचें छापखान्यांत कधींच सख्य नव्हतें. धातूचे खिळे जुळवून मजकूर छापतां येतो, पण त्या खिळ्यांनीं नदीचें वळण किंवा ग्रहांची कुंडली काढावयाची म्हणजे मोठी पंचाईत. चित्रासाठीं लांकडाचा किंवा धातूचा ठसा निराळा कोरावा लागे. जर्मनींतील आलोइस झेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची युक्ति शोधून काढली, तेव्हां दगडावर हातानें जें काढावें तें, अक्षर असो वा रेघ, एकदम छापतां येऊं लागलें. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८४१ सालीं पंचांग छापलें तें याच शिळाछापाच्या बळावर. कोष्टकांनीं व आकृतींनीं भरलेला असा ग्रंथ खिळ्यांनीं छापणें त्या काळीं सोपें नव्हतें. पुढच्याच वर्षीं, १८४२ च्या जूनमध्यें, अमेरिकन मराठी मिशननें नगर येथें ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक सुरू केलें, आणि नगरच्या वाचकांस छापील कागदाची ओळख दृढ झाली. तेव्हांपासून छापील कागदाला आपल्याकडे एक प्रकारची साक्ष प्राप्त झाली. छापलें आहे म्हणजे तें खरें, ही समजूत पुढें संगणकाच्या छापयंत्रासहि आयतीच मिळाली.

संगणकाच्या जाळ्यावरील पानें टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ नंतर सिद्ध केलीं तीं मुख्यतः मजकुराकरितां. १९९३ सालीं मोझेक या ब्राउझरनें मजकुराच्या ओळींत चित्र बसविलें. तें चित्र म्हणजे जुन्या छापखान्यांतील तयार ठसाच होय. ठसा आहे तसा छापला जातो. त्याच्या छपाईंत फारशी अडचण येत नाहीं. पण आलेख रोज बदलतो. आज पाऊस पडला कीं उद्यां एक स्तंभ वाढावयाचा. दररोज नवा ठसा कोणीं कोरावा? तेव्हां ब्राउझरलाच रेघा ओढण्यास शिकवावें, असा विचार निघाला.

१९९८ सालीं या कामाच्या दोन निरनिराळ्या योजना जागतिक जालाचे नियम ठरविणाऱ्या संस्थेपुढें आल्या. एक अडोबी, आय.बी.एम्., नेटस्केप व सन या कंपन्यांची. दुसरी मायक्रोसॉफ्ट व तिच्या सहकाऱ्यांची. दुसरीचें नांव व्ही.एम्.एल्. दोहोंतहि कल्पना सारखीच: चित्र न पाठवितां चित्राची कृति पाठवावयाची. ‘अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेघ ओढ, हा चौकोन निळ्या रंगानें भर,’ अशा आज्ञा पानांत लिहावयाच्या आणि ब्राउझरनें त्या पाळावयाच्या. संस्थेनें एकीचीहि बाजू न घेतां दोहोंतील अनुभव घेऊन तिसरी भाषा तयार केली, ती एस्.व्ही.जी. ४ सप्टेंबर २००१ रोजीं तिची पहिली आवृत्ति मान्य झाली.

येथें इतिहासानें एक चमत्कारिक योग घडवून आणला. त्याच सुमारास, २००१ च्या ऑगस्ट महिन्यांत, मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति प्रसिद्ध केली. १९९९ च्या पांचव्या आवृत्तीपासून या ब्राउझरला स्वतःची व्ही.एम्.एल्. येत होती, सर्वांनीं मान्य केलेली एस्.व्ही.जी. मात्र त्यास समजत नव्हती. स्पर्धेंत नेटस्केप हरला होता. पुढील दोन-तीन वर्षांत जगांतील दर दहा वाचकांपैकीं नऊ जण एक्स्प्लोररच वापरूं लागले, आणि जिंकलेला पहिलवान आखाड्यांतच झोपीं गेला. सातवी आवृत्ति निघावयास २००६ चा ऑक्टोबर उजाडला. पांच वर्षें! एवढ्या काळांत जगभरच्या बँकांनीं, कचेऱ्यांनीं व कारखान्यांनीं आपला सारा कारभार त्या सहाव्या आवृत्तीच्या मापानें बेतून घेतला. भारतांतहि सरकारी कामाचीं कित्येक संकेतस्थळें एक्स्प्लोररशिवाय चालत नसत. डिजिटल सही करावयाची तर तोच ब्राउझर पाहिजे, असा नियमच झाला होता. त्यामुळें ‘जुना ब्राउझर टाकून द्या’ हा उपदेश शहाण्यांनीं कितीहि केला, तरी कचेरींतील कारकुनाला तो पाळतां येण्याजोगा नव्हता. जुनें यंत्र हा त्याचा आळस नव्हता, त्याची अडचण होती.

मग आलेखांची व्यवस्था काय? ज्याला जी युक्ति सुचली ती त्यानें केली. सर्वांत साधी युक्ति म्हणजे पानावर लहानमोठे कोरे चौकोन मांडावयाचे आणि त्यांस रंगीत पार्श्वभूमी द्यावयाची; पडद्यावर ते हुबेहूब स्तंभ दिसत. पूर्वीं सांगितलेल्या कोऱ्या कागदाचें मूळ येथें आहे. एक्स्प्लोररमध्यें पार्श्वभूमीचे रंग न छापण्याचा नियम आरंभापासून घातलेला होता. हा नियम मूर्खपणाचा नव्हता, हें सांगितलें पाहिजे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं अक्षरें लिहिण्याची हौस त्या काळीं फार होती, आणि तशीं पानें छापूं लागल्यास शाईची नळी दोन दिवसांत रिकामी होई. ब्राउझरनें शाई वांचविली. त्यास काय ठाऊक, कीं ती पार्श्वभूमी नसून नगर जिल्ह्याचा पाऊस होता!

या रोगावर दोन उपाय होते. एक वाचकाच्या हातीं: ब्राउझरच्या पर्यायांत जाऊन ‘पार्श्वभूमीचे रंग व चित्रें छापा’ या ओळीपुढें खूण करावयाची. पण शंभर गांवच्या शंभर संगणकांवर ही खूण कोण करीत फिरणार? दुसरा उपाय पान लिहिणाऱ्याचा, आणि तो मोठा मौजेचा आहे. पार्श्वभूमी छापली जात नसली तरी चौकोनाची किनार छापली जाते. तेव्हां पार्श्वभूमी अजिबात द्यावयाचीच नाहीं. किनारच चाळीस बिंदु जाड करावयाची. स्तंभ म्हणजे सारी किनार, आंत लुगडें नाहींच! अशा किनारीनें काढलेले स्तंभ जुन्यांत जुन्या एक्स्प्लोररमधूनहि रंगासकट कागदावर उतरत.

उजवी बाजू कापली जाण्यावर मात्र खरा उपाय छपाईकरितां निराळें शैलीपत्रक लिहिणें हाच होता. १९९८ च्या नियमांनीं पडद्यासाठीं एक मांडणी आणि कागदासाठीं दुसरी, अशी सोय करून दिलेली होती. बाजूच्या याद्या, वरचीं बटणें, जाहिराती यांस कागदावर मज्जाव करावा आणि आलेख ६०० बिंदूंच्या आंत बसवावा, एवढें केलें कीं मार्च, एप्रिल, मे जागेवर येत. सोय होती, पण तिचा उपयोग करणारे थोडे. कारण पानें लिहिणारे लोक स्वतः कागद वापरीत नसत. ज्याला कागद लागतो तो पान लिहीत नाहीं, आणि जो पान लिहितो त्याला कागद लागत नाहीं. पुढें सातव्या आवृत्तीनें पान आपोआप लहान करून बसविण्यास आरंभ केला व हें दुखणें पुष्कळ हलकें झालें. एकच आलेख दोन पानांवर विभागला जाण्याची खोडहि अशीच. आकृति तोडूं नये ही आज्ञा आठव्या आवृत्तीपूर्वींच्या ब्राउझरांस कळत नसे. तेव्हां आलेखाच्या आधींच सक्तीनें नवें पान सुरू करावें, म्हणजे तोडण्याचा प्रसंगच येत नसे.

यानंतर या कथेंत एक नवें पात्र येतें. अ‍ॅपल कंपनीनें २००४ सालीं ‘कॅनव्हास’ म्हणून एक साधन काढलें व तें लवकरच फायरफॉक्सादि ब्राउझरांनीं उचललें. एस्.व्ही.जी. ही चित्राची कृति. कॅनव्हास ही शाळेंतली पाटी. पाटीवर पेन्सिलीनें आलेख काढला कीं तो दिसतो, पण तो कोणत्या क्रमानें काढला याची पाटीला आठवण नसते. छपाईच्या वेळीं कित्येक ब्राउझर पानाची एक निराळी प्रत करीत व ती छापीत. त्या प्रतींत पाटीची चौकट तेवढी जाई, पाटीवरचें लेखन जात नसे. पुन्हां कोरा कागद! यावर तोड अशी निघाली, कीं छपाईपूर्वीं पाटीचें चित्र उतरवून घ्यावें आणि पाटीच्या जागीं तें साधें चित्र ठेवावें. म्हणजे पुन्हां जुना ठसाच. पडद्याच्या मापाचें चित्र कागदावर करवतीच्या दातांसारखें खडबडीत दिसे, म्हणून आलेख तिप्पट आकारांत काढून लहान करून दाखविण्याची रीतहि पडली.

पण एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत पाटीच नव्हती. तेव्हां गूगलमधील कांहीं कारागिरांनीं ‘एक्सकॅनव्हास’ नांवाची एक छोटी दुभाषी लिपी लिहिली. तिला पाटीची भाषा समजे. ती प्रत्येक आज्ञा व्ही.एम्.एल्.मध्यें बदलून एक्स्प्लोररच्या कानांत सांगे. येथें त्या दुरुस्तीवाल्यांची खरी बुद्धि दिसून येते. जुन्या ब्राउझरला नवें शिकविणें त्यांच्या हातीं नव्हतें, तो ब्राउझर दुसऱ्याच्या मालकीचा. पण १९९९ पासून त्याच्या पोटांत पडून असलेली, जवळजवळ विसरलेली एक विद्या त्यांनीं हुडकून काढली आणि तिच्याकडून काम करून घेतलें. २००८ सालीं दिमित्री बारानोव्स्की यांनीं ‘राफेल’ हा संग्रह प्रसिद्ध केला, तोहि याच तत्त्वावर: ब्राउझर नवा असेल तर एस्.व्ही.जी., जुना असेल तर व्ही.एम्.एल्.; आलेख लिहिणाऱ्यास त्याची दादहि लागूं नये.

याच मालिकेंतील तिसरें नांव नगरच्या श्रोत्यांस विशेष जवळचें वाटेल. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर विक नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील टॉरस्टाइन हेन्सी यांच्या कुटुंबाची जवळच्या डोंगरावर एक झोंपडी होती. त्या डोंगरावर बर्फ किती सांचलें, हें आपल्या घरच्या संकेतस्थळावर आलेखानें दाखवावें अशी त्यांस इच्छा झाली. मनाजोगें साधन मिळेना, म्हणून त्यांनीं तें स्वतःच लिहिलें. २००९ सालीं ‘हायचार्ट्स’ या नांवानें तें बाहेर पडलें आणि पुढें जगभर पसरलें. कोणी विहिरींतील पाणी मोजतो, कोणी डोंगरावरचें बर्फ. आपल्या गांवीं आकाशांतून काय उतरलें याचा हिशेब शेजाऱ्यांस दाखवावा, ही ओढ दोन्हीकडे एकच. हायचार्ट्सनें आरंभीं पाटीचा मार्ग धरला होता. दुसऱ्या आवृत्तींत, २०१० सालीं, तो सोडून नव्या ब्राउझरांसाठीं एस्.व्ही.जी. व जुन्यांसाठीं व्ही.एम्.एल्. अशी दुहेरी व्यवस्था केली. कृतीनें काढलेला आलेख कोणत्याहि मापाच्या कागदावर स्वच्छ उतरतो, हा त्यांतील मोठा लाभ.

म्हणून सारे प्रश्न सुटले असें मात्र झालें नाहीं. २००९ च्या मार्चमध्यें एक्स्प्लोररची आठवी आवृत्ति आली ती नियमांस अधिक धरून वागणारी होती, आणि तेवढ्यामुळेंच जुन्या व्ही.एम्.एल्.च्या बाबतींत अधिक हट्टी होती. व्ही.एम्.एल्.च्या सर्व आकृतींस मिळून एकच सरसकट नियम लिहिला तर तो ती मानीत नसे. प्रत्येक प्रकारच्या आकृतीचें नांव घेऊन सांगावें लागे. तो नियम केवळ पडद्याच्या शैलीपत्रकांत लिहिलेला असला, तर पडद्यावर आलेख दिसे आणि कागदावर आकृति अदृश्य होत. दोष शोधणारा मनुष्य अशा वेळीं दिवस-दिवस छापयंत्रास दूषणें देई; बिचारें छापयंत्र निर्दोष असे. एका ओळीचा उपाय होता: पानाच्या आरंभीं ‘सातव्या आवृत्तीप्रमाणें वाग’ अशी आज्ञा लिहावयाची. मुलगा शिकून आला, पण घरीं जुन्या माणसांत जुन्याच चालीनें वाग, असें त्यास बजावण्यासारखें हें होतें. आणि बहुतेक वेळां तेवढ्यानें काम भागे.

पाटीचें चित्र उतरवून घेण्याचा दुसरा उपाय आठव्या आवृत्तींत चालत नसे, कारण दुभाष्याच्या पाटीचें चित्र घेतां येत नव्हतें. आणि बाहेरून तयार चित्र पानांतच अक्षररूपानें भरूं म्हटलें, तर त्यास ३२ किलोबाइटांची मर्यादा होती. सातव्या व तिच्या आधींच्या आवृत्तींत तीहि सोय नव्हती. तेव्हां शेवटचा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आलेख ब्राउझरनें काढूच नये. दूरच्या मुख्य संगणकानें काढावा व तयार चित्र किंवा पी.डी.एफ्. पाठवून द्यावें. गूगलनें डिसेंबर २००७ मध्यें अशी एक सेवा सुरू केली होती: पत्त्यांतच आंकडे लिहावेत, कीं आलेखाचें चित्र परत यावें. ती सेवा २०१९ सालीं बंद झाली व तिच्यावर विसंबलेलीं असंख्य पानें उघडीं पडलीं. हायचार्ट्सवाल्यांनीं ‘बॅटिक’ या मोफत साधनाच्या आधारें कृतीचें चित्र करून देणारा आपला स्वतःचा कारखाना चालविला.

मराठी आलेखाच्या वाट्यास या मार्गावर एक जादा संकट आलें. मुख्य संगणकावर देवनागरी अक्षरसंच नसला, तर जून, जुलै, ऑगस्ट यांच्या जागीं रिकाम्या चौकटींची रांग छापून येई. घरच्या संगणकावर तरी काय होतें? विंडोज एक्स्पीमध्यें भारतीय लिप्यांची व्यवस्था आपोआप येत नसे. ती तबकडीवरून निराळी बसवावी लागे. न बसविल्यास जोडाक्षरें फुटत, वेलांट्या भलत्याच अक्षरापुढें जाऊन बसत. युनिकोडपूर्वींच्या खासगी अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर तर दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ होऊन उमटे. स्तंभ बरोबर छापले गेले आणि खालचा महिना वाचतां आला नाहीं, तर असा आलेख सभेस काय सांगणार? ज्यांना इंग्रजी महिन्यांवर निभावून नेतां येतें त्यांस ही अडचण कधीं जाणवलीच नाहीं.

छापयंत्र काळ्या शाईचें असे, हीहि एक गोष्ट. पडद्यावर यंदाचा पाऊस हिरवा आणि गेल्या वर्षाचा तांबडा. कागदावर दोघेहि एकाच करड्या रंगाचे. शहाणे आलेखकार एका स्तंभांत तिरप्या रेघा भरीत, दुसरा कोरा ठेवीत, आणि रेषांच्या आलेखांत एकीवर गोल व दुसरीवर चौकोन अशा खुणा करीत. जुन्या शालेय भूगोलांतील नकाशे पाहिलेल्यांस ही रीत नवी वाटणार नाहीं.

२०११ च्या मार्चमध्यें नववी आवृत्ति आली आणि तिच्याबरोबर एक्स्प्लोररला एस्.व्ही.जी. व पाटी या दोन्ही गोष्टी प्रथमच अवगत झाल्या. नियम ठरल्याला तोंवर साडेनऊ वर्षें झालीं होतीं. परंतु ही आवृत्ति विंडोज एक्स्पीवर बसत नव्हती. त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टनेंच सहावी आवृत्ति सोडून देण्याविषयीं लोकांस विनविण्याकरितां एक खास संकेतस्थळ उघडलें. तेव्हां जगांतील सुमारें १२ टक्के लोक अद्यापि तीच वापरीत होते. ज्या कंपनीनें पांच वर्षें नवें दिलें नाहीं, तिनेंच जुन्याबद्दल लोकांस दोष द्यावा, हें पाहून कित्येकांस हसूं आलें असल्यास नवल नाहीं. २०१२ च्या दहाव्या आवृत्तींत व्ही.एम्.एल्. नव्या पानांपुरती काढून टाकण्यांत आली. दुभाषे, दुहेरी व्यवस्था, जाड किनारी, ही सारी तरकीब हळूहळू अनावश्यक झाली. ८ एप्रिल २०१४ रोजीं विंडोज एक्स्पीचा सांभाळ थांबला, आणि १५ जून २०२२ रोजीं इंटरनेट एक्स्प्लोररहि निवृत्त झाला.

निवृत्त झाला, पण घर सोडून गेला नाहीं. त्याच्या जागीं आलेल्या एज या ब्राउझरमध्यें जुनें पान जुन्या पद्धतीनें दाखविण्याचा एक स्वतंत्र मार्ग ठेवलेला आहे, आणि निदान २०२९ पर्यंत तो चालू ठेवण्याचें कंपनीचें आश्वासन आहे. ज्या कचेरींतील जुनें पान कोणीं पुन्हां लिहिलेलें नाहीं, तेथें त्या मार्गानें तें उघडतां येतें. आणि पान लिहिणाऱ्यानें एकेकाळीं आरंभीं घातलेली ‘सातव्या आवृत्तीप्रमाणें वाग’ ही ओळ तेथें अजूनहि वाचली जाते.